योहानकाकांची पोच

योहानकाकांना व्हॉट्सॲपवर काही पाठवलं की ते उत्तर लिहीत नसत. उत्तर द्यायला घरी येत. सकाळी सातला दारात सायकलची घंटी वाजायची, मागोमाग "हाय का रं घरात?" अशी हाक, आणि आदल्या दिवशी आपण काय काय फॉरवर्ड केलं होतं ते आठवावं लागायचं.

एकदा आमच्या बाप्पूनं, म्हणजे गावच्या सलूनवाल्यानं, कांदा खिशात ठेवला की मोबाईलची बॅटरी आपोआप भरते, असा मेसेज गावच्या ग्रुपवर टाकला. काका हजर. मोबाईल हातभर लांब धरून त्यांनी तो मेसेज बाप्पूलाच वाचून दाखवला आणि विचारलं, "तू ठेवून पाह्यलास का?" बाप्पू म्हणाला, "न्हाई काका." काका बाकड्यावर ऐसपैस बसले. "मंग ठेव. मी बसतो हितं." त्या सकाळी बाप्पूनं खिशात कांदा घेऊन चार दाढ्या केल्या. बॅटरी उतरत गेली आणि गिऱ्हाईकं नाक धरून बसली.

आमची वाडी मिरजगावपासून सायकलच्या अंतरावर, दीडशे उंबऱ्यांची. काकांनी तिथं उभी हयात टपाल वाटलं होतं. निवृत्तीनंतर दारावर नाताळची चांदणी बारमाही टांगलेली, अंगात बटणं तुटलेला खाकी शर्ट आणि मुलीनं दिलेला नवा मोबाईल, एवढा त्यांचा संसार. मोबाईलला त्यांनी टपालखात्याचेच नियम लावले. "पत्ता लागला न्हाई की पत्र परत धाडनाऱ्याकडं," ते म्हणत. "खोट्याला पत्ता नसतो, म्हनून मी परत आनून देतो." कुणी म्हटलं, काका, निळ्या खुणा दिसल्या, तुम्हाला पोचलं ते आम्हाला कळलं, तर भडकायचे. "रंगाला पोच म्हनता व्हय? समोर बसून च्या पिला, ती पोच." त्यामुळे आमच्या वाडीत एक फॉरवर्ड म्हणजे एक कप चहा आणि तासाची उलटतपासणी, असा हिशेब बसला. बायका नवऱ्यांच्या हातातून मोबाईल काढून घ्यायच्या. "काय पाठवू नका, दूध संपलंय."

पुढाऱ्यांनाही त्यांनी सोडलं नाही. एका उमेदवारानं सगळ्या तालुक्याला मेसेज धाडला होता, खाली "आपला नम्र सेवक" असं लिहून. काका दुसऱ्या दिवशी त्याच्या बंगल्यावर गेले. "तुमी सेवक म्हनून लिवलंय, म्हनून आलो. आमच्या दारापुढची गटार तुंबलीय. खोरं माझं देतो." बंगल्यावरच्या लोकांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. गटार तशीच राहिली, पण त्या साहेबांचे मेसेज बंद झाले. काका महिनाभर खुशीत होते.

मी नागापूरच्या एमआयडीसीत नोकरी करतो आणि गावाची काळजी मोबाईलवरून वाहतो. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा सरपंचपदाला मंगलवहिनी उभ्या होत्या. लग्न होऊन वाडीत आल्या तेव्हा त्यांना वाचता येत नव्हतं. माहेरची पत्रं काका वाचून दाखवायचे, आणि एक दिवस कंटाळून त्यांनी त्याच पत्रांवर वहिनींना अक्षरं शिकवली. ती बाई आता सरपंच होणार म्हणून काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

मतदानाला चार-पाच दिवस उरले असताना ग्रुपवर एक फोटो पडला. त्यावर इतके लाल बाण आणि गोल काढले होते की खाली मोटर आहे की म्हैस, ते कळत नव्हतं. वर ठळक अक्षरांत "मोटरचोर मंगल!" गावच्या विहिरीची पाण्याची मोटर वहिनींनी आपल्या अंगणात नेऊन ठेवली, असा आरोप. विरोधकांनी तर चौकात तसा फलकच लावला.

काका निघाले, परत द्यायला. पहिलं घर बाप्पूचं, कारण ग्रुपवर त्यानंच टाकलं होतं. बाप्पू म्हणाला, बाण आणि वरची अक्षरं माझी, पण फोटो टेम्पोवाल्या पोपटनं धाडला. पोपट म्हणाला, "चौकशी झाली पाहिजे" एवढंच माझं, फोटो नागापूरहून आला. रविवारची उपासना चुकवून, दोन गाड्या बदलून काका माझ्या दारात उभे राहिले. मी अर्धी दाढी केलेली, तोंडाला फेस.

"तुला कुनी धाडला?"

मी मोबाईल उघडून त्यांना दाखवला. मीच त्यांना विचारलं होतं, गावाकडं काय विशेष? नागापूर सायकलला लांब, म्हणून तेवढ्या एका वेळी काकांनी उत्तरादाखल फोटो पाठवला होता. बाण नाहीत, गोल नाहीत, म्हणून आपलाच फोटो काकांना आता ओळखू आला. अंगणात मोटर, शेजारी मिस्त्री, आणि खाली पाकिटावर पत्ता लिहावा तसा मजकूर: "गावची मोटर. मुक्काम: मंगलचे अंगण." मोटर जळाली होती, वहिनींनी मिस्त्रीला घरी बोलावून, जेवूखाऊ घालून ती दुरुस्त करून घेतली आणि परत विहिरीवर बसवली, यातलं एक अक्षर काकांनी लिहिलं नव्हतं. आयुष्यभर पत्तेच वाचले, आतलं पत्र कधी स्वतः लिहायची वेळ आली नाही. आणि मी शहाण्यानं खाली "वा रे कारभार!" जोडून ते पोपटला पाठवलं होतं.

काका मोडक्या खुर्चीत बसले. "आता हे परत कुनाला द्यायचं रं?" त्यांनी विचारलं. मला खरोखर लाज वाटली. मी म्हटलं, सगळ्यांना सांगून डिलीट करून टाकू. ते म्हणाले, "मोबाईलमधनं निघंल. मानसांच्या डोक्यातनं कोन काढनार? चल, तू बी."

मग रजा टाकून दोन दिवस आम्ही दीडशे उंबरे चढलो. काका दारात उभे राहून म्हणायचे, "मोटर दुरुस्तीला गेल्ती. फोटो माझा. अर्धंच लिवलं, चूक माझी." मग माझ्याकडं बघायचे. मी म्हणायचो, "आणि 'वा रे कारभार' माझं." प्रत्येक घरी चहा. तिसाव्या घरानंतर आम्ही दोघंही दारापेक्षा आडोसा आधी शोधायला लागलो. काही घरांत तर फोटो कुणी पाहिलाच नव्हता. "कुठला फोटो? दावा की," म्हणून ते मागेच लागले, आणि दाखवल्यावर म्हणाले, "अगं बया, मंगलनं मोटर चोरली व्हय!" तिथं दुसरा चहा घेऊन पहिल्यापासून सांगावं लागलं.

शेवटचं घर वहिनींचं. त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या, सगळं ऐकून घेतलं, "बरं," म्हणाल्या आणि दार लावलं. चहाचं नाव नाही. काका फाटकापाशी बराच वेळ उभे होते. "न्हाई मिळाली पोच," ते म्हणाले.

वहिनी थोडक्या मतांनी पडल्या. काकांनी सायकल भिंतीला टेकवली ती टेकवलीच. वाडी पुन्हा जोमानं फॉरवर्ड करू लागली, बाप्पूनं तर मनगटाला लसूण बांधल्यानं नेटवर्क वाढतं असंही पाठवलं, तरी त्याच्याकडं कुणी गेलं नाही.

महिन्याभरानं काका पुन्हा माझ्या दारात. मी म्हटलं, एवढ्या लांब कशाला, फोन करायचा. "उत्तर आलंय, ते फोनवर कसं देऊ?" म्हणत ते आत आले. मंगलवहिनी आदल्या दिवशी त्यांच्याकडं गेल्या होत्या. जाताच म्हणाल्या, "काका, फोटो काढायला अक्कल लागत न्हाई, खाली लिवायला लागती. मला अक्षरं शिकवली, आता मी तुमास्नी शिकवते. च्या टाका." मग काका एकदम हसून म्हणाले, "दोन कप पिली. वर म्हनती, पुढल्या बारीला प्रचार तुमी करायचा. तुमच्याएवढं घरोघर च्या प्यायला कुनाला जमतंय?"

पुढच्या बारीपर्यंत काका राहिले नाहीत. गेल्या थंडीत, नाताळ होऊन चार दिवसांनी गेले. पोपटचा फोन आला तेव्हा मी सवयीनं ग्रुप उघडला, "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलं, खाली जोडलेल्या हातांची तीन चित्रं लावली. पाठवणार, तेवढ्यात वाटलं, आता उद्या सकाळी सातला घंटी वाजणार. मग लक्षात आलं, वाजणार नाही. मी लिहिलेलं पुसलं आणि स्टँड गाठलं.

वाटेत तीनदा ग्रुप बघितला. एकही मेसेज नव्हता. ना फुलं, ना पणती. मला वाडीचा संताप आला, काकांनी या लोकांसाठी सायकल झिजवली आणि यांना दोन शब्द लिहिता येईनात.

वाडीत पोचलो तर काकांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. दीडशे उंबऱ्यांची माणसं चांदणीखाली दाटीवाटीनं बसली होती. बाप्पू दुकान बंद करून आलेला, पोपट टेम्पोसकट. पास्टरांची प्रार्थना संपत आली होती. मंगलवहिनी आपल्या घरून भलं मोठं पातेलं घेऊन आल्या होत्या आणि प्रत्येकाला चहा देत होत्या. मी म्हटलं, भूक-तहान नाही वहिनी, तर त्यांनी कप हातात कोंबला.

"घे. न्हाईतर काकास्नी कळायचं कसं, तू आल्तास ते?"