दाविदकाकांची साक्ष

"प्रभू मला म्हणाला, दाविद, गाडी बदल," अशी साक्ष दाविदकाकांनी रविवारच्या उपासनेत दिली आणि सगळी मंडळी "हालेलुया" म्हणाली. माझं डोकंच फिरलं. मागे हेच काका सांगत होते, प्रभू म्हणाला, धाकट्या भावाच्या घरी पाऊल टाकू नकोस. यांचा देव दरवेळी नेमकं यांच्या मनातलंच कसं बोलतो? देव आहे की होयबा?

रागारागातच मी प्रार्थनेला डोळे मिटले. आतून कुणीतरी हळूच म्हणालं, "आज प्रीतिभोजनाला दाविदच्या शेजारी बस."

मी साफ नाही म्हटलं. पुन्हा तेच.

उपासना संपल्यावर मी धुमसतच ताट वाढून घेतलं आणि काकांच्या शेजारी जाऊन बसले. हे काही माझ्या मनातलं नव्हतं.