खडूमामांची रेघ

खडूमामा म्हणजे विमानांचे मेकॅनिक. खिशात सदा खडूचा तुकडा, म्हणून सगळे त्यांना खडूमामाच म्हणायचे. विमान दुरुस्त झालं की कागदावर त्यांची सही व्हायची, आणि सही झाल्याशिवाय चाक हलायचं नाही. बावीस वर्षं त्या सहीवर माणसं आभाळात गेली आणि धडधाकट खाली आली.

त्यांचा मालक मात्र असा की देवाने त्याला पैसा दिला नि अक्कल द्यायची विसरला. चार माणसांचं छोटं विमान घेतलं, तेही शेजाऱ्याने मोठी गाडी घेतली म्हणून! वर्षातून दोनदा उडायचं. एरवी पत्र्याच्या हँगरमध्ये उभं.

विमा करायला एजंट आला. म्हणाला, "साहेब, तीन गोष्टी असतात. विमान उभं असताना, जमिनीवर चालताना आणि हवेत. तिन्हींचा घ्या."

"उभ्याचा पुरे. उडवीन तेव्हा उडण्याचा घेईन," मालक म्हणाला.

"पण जमिनीवर जरा हलवलं तरी ते चालणंच धरतात, मग उभ्याचा विमा..."

"ते काय बैल आहे, दावं तोडून चालायला?" आणि स्वतःच खो खो हसला. मामा पाना पुसत राहिले. शहाण्याला सांगावं, दीडशहाण्याला काय सांगणार?

आता उभ्या विमानाचं असं, की टायर एकाच जागी दबून चपटा होतो. म्हणून मामा दर सोमवारी जॅक लावून चाकं थोडी थोडी फिरवायचे. मग टायरवर अगदी खालच्या बाजूला खडूची रेघ, तिला जोडून जमिनीवर दुसरी रेघ, शेजारी तारीख. कुणी सांगितलं नव्हतं, पण हाताला वळणच तसं.

एका बुधवारी मालकाचे व्याही यायचे होते. मालकाला हुक्की आली, विमान बाहेर उन्हात चमकलं पाहिजे. विमान ढकलायला पंखांच्या टोकाशी एकेक माणूस लागतो, नजर ठेवायला. मामा म्हणाले, "शेजारच्या हँगरमधून दोघांना बोलावतो." ते गेले, पण मालकाला तेवढाही धीर नाही! याने आपल्या मोटारीला दोर बांधला आणि दिलं ओढून. मामा परत येतात तो काय, उजवा पंख दाराच्या खांबाला आपटून दुमडलेला. व्याही तोंडाला रुमाल लावून उभे. आता रुमालाआड हसत होते की काय, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

विमान पुढेमागे करत, वळवत वळवत परत ढकलून जागेवर ठेवलं. मालकाने विम्याच्या भरपाईचा कागद पुढे केला. "लिहा मामा. विमान उभं होतं, वाऱ्याने दार सरकलं आणि पंखावर आलं. करा सही."

"ते दार सरकवायला चार माणसं लागतात, साहेब."

"मग जोराचा वारा लिहा! उद्या विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला येईल. सही नसेल तर परवापासून घरी बसा."

घरी मामींना सांगितलं. पोराचं शिक्षण चालू, पगार एकच. मामींनी भाजी चिरता चिरता विचारलं, "खोटी सही पकडली गेली तर?"

"लायसन्स जाईल. मग कुणीच काम देणार नाही."

"आणि नाही पकडली तर?"

मामा खाली मान घालून विळीकडे बघत राहिले.

"तर तुम्ही असेच खाली मान घालून जेवणार," मामी म्हणाल्या. "त्यापेक्षा घरी बसा. मला विळीवर मदत होईल."

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीच्या सर्व्हेअरबाई आल्या. मालक त्यांच्या पुढेपुढे, "बसा मॅडम, गार काही घ्या मॅडम." बाईंनी ना गार घेतलं ना गरम. सरळ चाकाशी वाकल्या. जमिनीवर सोमवारची तारीख, तिथे रेघ. आणि टायरवरची रेघ? ती पार वर, आभाळाकडे तोंड करून!

"ही रेघ कुणाची?"

"माझी," मामा म्हणाले.

मालकाने डोळे वटारले. "अहो, मुलं खेळत असतील मॅडम..."

"सोमवारी दोन्ही रेघा जुळवल्या होत्या," मामा म्हणाले.

"मग विमान हललं का उभं होतं?" बाईंनी विचारलं.

मामांनी कोरा कागद मालकाच्या हातात परत दिला. "साहेब म्हणतात, उभं होतं. मग तो खांबच चालत आला असेल, बाई. बैल असेल एखादा, दावं तोडून."

बाईंनी हसू दाबलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. विम्याचा एक पैसा आला नाही. मामांना मालकाने त्याच दुपारी हाकललं, आणि शेजारच्या हँगरवाल्याने संध्याकाळच्या आत बोलावून घेतलं. तो म्हणाला, "मामा, खडू घेऊन या बरं का."

मालकाच्या विमानावर सही करायला नंतर कुणी मेकॅनिक तयार होईना. विमान तिथेच, दुमडल्या पंखाचं, टायर खालून भाकरीसारखे चपटे. उभ्याचाच विमा हवा होता ना मेल्याला? राहिलं की उभं!