मामांनी अर्धंच मागितलं

माझ्या बायकोच्या मामांइतके धंदे काढून त्यांतल्या एकालाही यश न येऊ देणारा माणूस अख्ख्या कर्जत-खालापूर पट्ट्यात दुसरा झाला नसेल. कोंडाण्याला त्यांची भातशेती होती, पण कापणी उरकली की त्यांच्या अंगात उद्योगपती संचारायचा. त्यांनी घरी केलेला साबण इतका टणक निघाला की मामी कपडे साबणानं घासण्याऐवजी साबणानं बडवू लागल्या. त्यांच्या अगरबत्तीनं देव प्रसन्न झाला की नाही कोण जाणे, पण डोंगरातली माकडं गावात उतरेनाशी झाली. मामांनी लगेच तिचं नाव बदलून 'माकडबत्ती' ठेवलं. आणि खालापूरच्या एसटीत त्यांच्या करवंदाच्या सरबताचं बूच उडालं, तेव्हा टायर फुटला असं समजून ड्रायव्हर खाली उतरून सगळी चाकं दाबून आला. या अपयशाचा दोष मामांनी स्वतःकडे कधीच घेतला नाही. सरकारची मदत कर्जतच्या बाजारपेठेपर्यंत येते, तिथं चहा पिते आणि आल्या वाटेनं परत जाते, असं त्यांचं ठाम मत होतं.

गंमत म्हणजे, एवढं एक मत अगदी खरं होतं. त्या सुमारास कर्जतला सरकारी शिवणवर्ग निघाला. गावातल्या बायकांना शिकायची फार हौस, पण घरचं, गोठ्यातलं आवरून डोंगराच्या पायथ्यापासून तिथवर रोज जाणार कोण? तालुक्याच्या सभेत मामा उभे राहिले आणि योजनेच्या साहेबांना म्हणाले, "सायब, धंदा काय डांबरी रस्त्यावरच उगवतो? आमच्या मातीत नाय रुजत?" साहेब सभ्य होते. गावात जागा आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. मामांनी हो म्हणून टाकलं. ती जागा म्हणजे आपली पडवी, हे मामींना कळलं ते साहेबांना घेऊन बैलगाडी दारात थांबली तेव्हा. भाताच्या कणग्या माजघरात गेल्या, वासरू शेजाऱ्यांकडे गेलं, आणि मामी त्या दिवशी मामांशी बोलल्या नाहीत. फक्त भांड्यांशी बोलल्या.

त्यानंतर मामा साहेबांच्या कचेरीत इतक्या वेळा गेले, की शिपाई त्यांना आपल्या डब्यातली भाकरी देऊ लागला. शेवटी साहेब कंटाळले. एके दिवशी स्वतःच कोंडाण्याला आले आणि म्हणाले, नवीन मशिनं मिळायची नाहीत. कर्जतचा वर्ग बंद करून सगळी इकडे हलवतो. गाव हरखलं. कुणी तरी नारळही आणला. मी बायकोच्या आजोळाच्या कौतुकानं टाळ्या वाजवत होतो, आणि मामा एकटेच मान खाली घालून बसले होते.

"नको," ते म्हणाले. "मी बघून आलोय तो वर्ग. तिथल्या बायापण गरजेच्याच हायत. त्यांचं काढून आमाला देऊ नका. अर्धी द्या."

साहेब म्हणाले, अर्धा वर्ग नियमात बसत नाही.

"मग नियम उसवा न् परत शिवा. शिवणाचंच खातं हाय ना तुमचं?"

गावकरी चिडले. हाती आलेलं घालवलं म्हणून कित्येक दिवस कुणी मामांना धड रामराम घालेना. मामींनी मात्र त्या रात्री त्यांना आपणहून वाढलं. पुढे साहेबांनी कुठं काय उसवलं ते ठाऊक नाही, पण अर्धी मशिनं आली, आणि एकच बाई आठवडाभर कर्जतला, आठवडाभर कोंडाण्याला शिकवू लागल्या. त्यांना गाडीतून आणायला मामा स्वतः जात, तेही बैलांच्या शिंगांना रंग लावून. हळूहळू शाळांच्या गणवेशाचं काम दोन्हीकडे मिळू लागलं, आणि गावाचा राग कधी विरला ते गावालाही कळलं नाही.

मामांचे धंदे मात्र थांबले. शेवटच्या दिवसांत मी गेलो, तेव्हा ते अंगणातल्या दगडावर डोळे मिटून बसले होते. यंदा नवीन काय काढताय, असं मी मोठ्यानं विचारलं. साऱ्या आयुष्यात कधी खालच्या पट्टीत न बोललेल्या त्या माणसानं तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला, जावयबापू," ते म्हणाले. "आत बायांचं काम चाललंय."