पोचा पडलेला तांब्या

ती कविता मी मुलांसाठी लिहिली नव्हती. सत्तरच्या दशकात मी कुंडलजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि सुट्टीच्या दिवशी सभांमधून कविता म्हणत होते. एका कवितेला हमखास टाळ्या पडायच्या. 'पाणी वाढू नका बाई, दोर माझ्या हातात द्या,' अशी तिची सुरुवात होती.

माझ्या लहानपणी आमच्या वस्तीला विहिरीवर दोर टाकायची मुभा नव्हती. बायका भांडी घेऊन लांब थांबत. वरच्या आळीतल्या कुणाला दया आली, की ती उंचावरून पाणी ओतायची, भांडं भांड्याला लागू न देता. तहान लागलेल्या पोरांनी ओंजळ धरायची. याला गावात पाणी वाढणं म्हणत.

सांगलीच्या एका प्रकाशकांनी ती कविता सभेत ऐकली आणि तिचं मुलांसाठी चित्रांचं पुस्तक करायचं ठरवलं. माणूस उत्साही होता. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत त्याला ते पटलेलं असायचं. चित्रं काढायला त्यांनी माधवनगरच्या एका शाळेतले ड्रॉइंग मास्तर गाठले.

महिन्याभरात चित्रं तयार झाली. मुखपृष्ठावर नऊवारीतली एक हसरी बाई कळशी तिरकी करून उभी होती. खाली एका मुलीने ओंजळ धरली होती आणि ती बाईच्या तोंडाकडे बघून हसत होती.

"काय माया उतरलीय बघा!" प्रकाशक म्हणाले. "आणि 'वाढणं' हा शब्दच किती गोड आहे हो. आई पानात वाढते तसा."

चित्र सुंदर होतं, हीच पंचाईत होती. त्यांच्या घरी वाढणं म्हणजे आग्रह करून घातलेली दुसरी पोळी. त्यांना दुसरा अर्थ ठाऊक असायचं कारणच नव्हतं. पण हे छापलं असतं, तर माझी कविता त्या बाईचे आभार मानत घरोघरी फिरली असती. पोरं ती पाठ करणार होती, आमच्या वस्तीतलीसुद्धा. तसं होण्यापेक्षा पुस्तक नको, असं मी सरळ सांगितलं. मास्तरांना म्हटलं, ओंजळीने पिणाऱ्याला वर बघता येत नाही. पाणी नाकात जातं.

प्रकाशक हिरमुसले. मास्तर मात्र पुढच्या रविवारी एसटीने आमच्या गावी हजर झाले. विहीर बघायची होती म्हणाले. उन्हाचे चालत आले होते, शर्ट पाठीला चिकटला होता. आईने तांब्या भरून आणला. तांब्या जुना, कडेला चांगला मोठा पोचा पडलेला.

मास्तर एकदम अंगणात उकिडवे बसले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. "आई, वरून ओता. कसं दिसतं ते बघायचंय मला."

आई तांब्या घेऊन तशीच उभी राहिली.

"आवं मास्तर, उठा की. हातात घ्या ह्यो. आमी कुनाला पानी वाढत न्हाई."

ती हे रागाने म्हणाली नाही. चुलीवरचं उतरवून घे म्हणावं, तशी म्हणाली. मास्तर उठले. त्यांनी तांब्या धरला तेव्हा आईचा हात अजून त्यावरच होता. पाणी पिऊन झाल्यावर ते विहिरीकडे गेलेच नाहीत. अंगणात बसून त्यांनी कागद काढला.

नव्या चित्रात फक्त दोन हात होते आणि मध्ये तांब्या. चेहरा कुणाचाच नाही. प्रकाशकांना ते कोरडं वाटलं. निदान तो पोचा तरी काढा, पोरांच्या पुस्तकात नवं भांडं बरं दिसतं, असं ते दोनदा म्हणाले. मास्तर ऐकेनात. शेवटी पोच्यासकट छापलं.

पुस्तकाची पहिली प्रत मी आईला दिली. तिला वाचता येत नव्हतं. तिने पुस्तक गुडघ्यावर ठेवून मुखपृष्ठावरून अंगठा फिरवला.

"आपलाच तांब्या हाय गं ह्यो," ती म्हणाली. "पोचा कसा पडला ते लिवलंस का न्हाई आत?"

मला ते माहीत नव्हतं. मी विचारलं.

"तू एवढीशी हुतीस. एक बाई वाढाया लागली नि तू वंजळ धरलीस. हसलीस बी तिच्याकडं बघून. माझं डोस्कंच फिरलं. हातातला तांब्या दगडावर आपटला नि तुला तशीच वडत आनली. लय रडलीस वाटंनं."

मला यातलं काहीच आठवत नाही. इतकी वर्षं सभांमधून मी जो संताप माझा म्हणून मांडत होते, तो तिचा होता. आणि जी मुलगी मी मास्तरांना खोडायला लावली, ती मी होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग पाणी? प्यायले का मी?"

"प्यालीस की," आई म्हणाली. "वाटंत उसाला पाट चालू हुता. वाकलीस नि तुझी तू प्यालीस."