चिऱ्यावर फोडलेला नारळ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे आमसुलांसाठी रातांबे, कोकमाची फळं, फोडणं. दुसरं काही नाही. गेल्या वैशाखातली संध्याकाळ. खळ्यात सूप मधे ठेवलेलं, मी फोडत होतो, माझी बायको भागीरथी बिया काढत होती. दोघांचे हात लालेलाल. महिनाभर तिच्या छातीत दुखत होतं, वैद्याने कामाला हात लावू नको म्हणून बजावलं होतं. ऐकते कसली!

"मी पडान रवलंय तर सोलां कोण, तुमचो बापूस करतलो?"

मग जरा वेळाने म्हणाली, "गणपताक एक पत्र घालूया. एकदा घराक येवन जावंदे त्याका. पण आदी देवाक इचारा. आता मी म्हातारी झालंय. आता देव नाय कशाक म्हणतलो?"

मी काय बोललो? — "बिया नीट काढ."

त्या घटकेला मला सांगता आलं असतं. समोर होती, जागी होती, कान शाबूत होते तिचे. नाही सांगितलं. आजवर कुणालाच नाही. भावाला नाही, गुरवाला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझं तोंड बघितलेलं नाही. मला ते रोज बघावं लागतं, विहिरीच्या पाण्यात, आणि किळस येते.

गणपत कोण ते आधी सांगतो. नाहीतर माझी घाण तुम्हाला कळायची नाही.

सोळा-सतरा वर्षं झाली असतील. आचऱ्याच्या अलीकडे, आमच्या गावच्या माळावर, मास्तर तयार करायचं कॉलेज निघालं. दोन वर्षांचं शिक्षण, आणि पोरांनी तिथेच राहायचं. राहायचं म्हणजे — बोर्डिंगची एक लांब खोली, वीस खाटा, खाटेखाली लोखंडी ट्रंका, दोघांत एक कंदील, आणि ढेकूण सगळ्यांत मिळून. पोरं आली चाळीस. मग बोर्डिंगचे साहेब छत्री घेऊन घरोघर फिरले. कुणाची पडवी रिकामी आहे, विहीर कुठे आहे, घरात माणसं किती. ज्यांना पडवीही मिळाली नाही ती पोरं काजूच्या बागेतल्या मांगरात. मांगर म्हणजे ढोरांसाठी आणि गवतासाठी बांधलेलं खोपट. पावसात तिथे ढोरंसुद्धा कुरकुरतात.

आमच्या घरात माणसं दोन. पोरबाळ नाही. साहेबांनी वहीत आमची पडवी लिहून घेतली, आणि जूनमध्ये गणपत आला. खारेपाटणच्या आतल्या गावचा, वीस वर्षांचा, आई नसलेला. डोक्यावर ट्रंक, काखेत घरच्या तांदळाची पिशवी. आल्या आल्या भागीरथीच्या पाया पडला. "काकी," म्हणाला. बाईचा पदर डोळ्यांना गेला.

वाईट होता का पोरगा? नव्हता. वाईट असता तर आज मला जरा बरं वाटलं असतं. सकाळी उठून पाणी भरायचा. माडावर चढता येत नव्हतं, तरी चढायला जाऊन छाती सोलून घेतली आणि स्वतःच हसत बसला. कॉलेजात शिकवायचा सराव करायला लागतो, तर ह्याने वर्ग कुणाचा घेतला? भागीरथीचा. चाळिशीची बाई, चुलीपुढे कोळशाने जमिनीवर अक्षरं काढायला लागली. दिवाळी झाली, होळी आली, तोवर वाचायला लागली.

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. मुंबईहून भावाचं पत्र आलं की मी ओसरीवर बसून बोट ठेवत ठेवत वाचायचो, आणि ती ऐकायची. वीस वर्षं ऐकलं तिने. त्या होळीला पत्र आलं. मी बोट ठेवलं, अडलो. ती मागे उभी, हातात कालथा. मी अडलो तिथून पुढे तिने वाचलं — भरभर, शेवटापर्यंत. आणि हसली. "दुसरीत तीन वर्षां बसलास तुमी. माज्यावांगडा बसला असतास तर एका वर्षात सुटला असतास!"

गणपतसुद्धा हसला. मीही हसलो. पण आत काहीतरी आंबलं.

आणखी एक सांगतो. सांगायची लाज वाटते, पण ह्याच लाजेसाठी तर बसलोय. सुरमईची मधली तुकडी. लग्न झाल्यापासून ती माझ्या ताटात पडायची. गणपत आल्यावर त्याच्या ताटात पडायला लागली, आणि मला शेपटीकडची. त्याला काय ठाऊक! खाली मान घालून खायचा. मी त्याच्या बोटांकडे बघत बसायचो. एका तुकडीसाठी माणूस इतका खाली जातो का हो? मी गेलो.

वर्ष संपलं. कॉलेजचा नियम निघाला की दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी आपली राहायची सोय आपण बघायची, बोर्डिंग आणि लिहून ठेवलेल्या पडव्या नव्या पोरांना. गणपतने बिचकत विचारलं, "काकी, मी हयच रवलंय तर?" ती नुसती हो म्हणणार नव्हती. तिच्या मनात राहण्यापलीकडचं होतं. त्याला झील, आपला मुलगा, मानायचं. मेल्यावर पाणी द्यायला कुणीतरी. आणि एवढी मोठी गोष्ट आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय कोण करतं? विहीर खणायची तरी कौल, मुलगी द्यायची तरी कौल. गुरव पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि आपण बसून राहायचं. उजवीकडची आधी पडली तर होय. डावीकडची पडली तर नाही.

बाईमाणूस कौलाला जायचं नाही. तिने नारळ सोलून, शेंडी राखून माझ्या हातात दिला. "बरा इचारा हां," म्हणाली. मी वळेपर्यंत दारात उभी होती.

मी देवळात गेलोच नाही.

हे ते. आता सांगितलं.

देवळामागे ओढ्याकडेला जांभ्या दगडाचा एक चिरा पडलेला होता. त्यावर बसलो. का गेलो नाही? देव उजवा देईल ही भीती. मला ठाऊकच होतं, देईल. मग बसून राहिलो, कौलाला लागतो तेवढा वेळ. नारळ त्याच चिऱ्यावर फोडला. पाणी प्यालो — गोड होतं. अर्धा नारळ तिथे बसून खाल्ला. अर्धा प्रसाद म्हणून घरी आणला आणि म्हणालो, "डावो दिल्यान."

तिने दोन्ही हात पुढे केले. खोबरं दोन्ही डोळ्यांना लावलं आणि खाल्लं. माझ्या उष्ट्या नारळाचं अर्धं, देवाचं म्हणून.

गणपतला मीच म्हणालो, देवाची इच्छा. त्याने मान हलवली, ट्रंक उचलली. गावात रिकामी पडवी उरली नव्हती, मिळाला मांगर. श्रावणात हिवताप धरला. तापात वर्ग बुडाले, परीक्षेला बसू दिलं नाही, कॉलेज सोडून घरी गेला. मास्तर झाला नाही. पुढे देवगडात लाकडाच्या वखारीत ओझी उचलतो असं कळलं. भागीरथी रडली, आणि डोळे पुसून काय म्हणाली ठाऊक आहे? "देवाक आदीच म्हायत होता. म्हणान नको म्हटल्यान." माझं खोटं तिने उचललं आणि देवाचं शहाणपण म्हणून देव्हाऱ्यात ठेवलं. मी जेवत होतो. जेवत राहिलो. त्या दिवशी मधली तुकडी माझ्या ताटात होती.

पण मनातून तिने ते असं घेतलं नव्हतं. देवाने पोटी पोर दिलं नाही, आणि दुसऱ्याचं पोर मागितलं तेही दिलं नाही, म्हणजे खोट आपल्यातच. तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यानंतर ती देवळाची पायरी चढली नाही. जत्रेला यायची ती खाजं-मिठाई विकणाऱ्यांच्या रांगेपाशी उभी राहायची. मी आत जायचो, ओंजळीतून तीर्थ आणायचो. बायका म्हणायच्या, "काय गो भागी, देवावर रुसलंस?" ती हसून टाळायची. आणि मी बाजूलाच असायचो — गुरव येऊन तिच्याशी बोलेल, काही निघेल, ह्या धास्तीने. सोळा वर्षं पहारा दिला मी तिच्यावर. लोकांना वाटायचं, काय जपतो बायकोला!

ती वाचायचीही थांबली होती. कोळसा चुलीतच राहिला. पत्रं पुन्हा मीच बोट ठेवून वाचू लागलो. अडलो तरी ती गप्प.

तर ती रातांब्यांची संध्याकाळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उठवेना. भिंतीला टेकवून बसवली. श्वास वरवरचा होता. मी वैद्याकडे निघालो तर हाताने थांबवलं, कोनाड्याकडे बोट दाखवलं. नारळ होता. सोललेला, शेंडी राखलेला. छातीत दुखत असताना कधी सोलला कोण जाणे.

"आदी देवाक. बरा इचारा हां."

मी गेलो. ह्या वेळी देवळाच्या दारापर्यंत गेलो. जुना गुरव मेला, आता त्याचा मुलगा आहे. "येवा काका, कौल लावचो आसा?" म्हणाला. मी उंबऱ्याबाहेर उभा. उजवी पडली तर तेव्हाचा माझा डावा मला दिसणार. डावी पडली तर तिला जाऊन काय सांगू? "नुसतो पाया पडाक इलंय," म्हणालो, आणि मागच्या बाजूला वळलो.

चिरा तिथेच होता. नारळ फोडला. पाणी ह्या वेळी ओतून दिलं, एवढाच फरक.

घरी येऊन म्हणालो, "उजवो दिल्यान."

तिचं तोंड उजळलं. अख्ख्या जन्मात दोनदा बघितलं मी तसं — गणपत पाया पडला तेव्हा, आणि हे. "राग गेलो मगे देवाचो," म्हणाली. खोबऱ्याचा तुकडा लाल बोटांनी डोळ्यांना लावला, तोंडात ठेवला. मग म्हणाली, "कागद आणा. पत्र मी लिवतंय."

मी कागद शोधायला आत गेलो. कागद नव्हताच घरात, भावाच्या पत्राची कोरी बाजू फाडून आणली. तोवर तिची मान कलली होती.

तुळशीचं पान घालायला तोंड मोकळं हवं. मी बोट घालून तो तुकडा काढला. चावलेला नव्हता. परसात नेऊन फेकला, आणि मग शेजाऱ्यांना हाक मारली.