पाटीवरचं पळतं पोर

कुशाबाईचा मळा मुंबई-पुणे रस्त्याला अगदी खेटून होता. मळा म्हणजे विहिरीच्या पाण्यावर मेथी, कोथिंबीर आणि चार वाफे वांगी निघतील एवढा तुकडा. पिंपरी आणि चिंचवडच्या मधली ती लहानशी वस्ती. घरं रस्त्याच्या अलीकडं, शाळा पलीकडं. त्याचं पूर्वी कुणाला काही वाटत नसे. अधूनमधून एखादी मोटार जायची, बाकी सगळ्या बैलगाड्या. पोरं रस्त्यातच गोट्यांचा डाव मांडायची. पण पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहायला लागला आणि विटा, सिमेंट, लोखंड घेऊन ट्रकांची रीघ लागली. देहूरोडच्या लष्करी गाड्या होत्याच. बघता बघता तो रस्ता वस्तीचा राहिला नाही.

शेजारच्या कौशल्याबाईच्या बन्सीला शाळेतून येताना ट्रकनं उडवलं. पोरगा वाचला, पण पाय वाकडा झाला तो कायमचा. ट्रक कुणाचा, कुठला, काही कळलं नाही. तेव्हापासून वस्तीवरच्या बायांनी आपसात पाळ्या लावल्या. जिची पाळी असेल तिनं हातातलं काम टाकून सकाळी आणि दुपारी रस्त्यावर जायचं, पोरांचे हात धरून त्यांना पार करायचं. कुशाबाईची शकू तेव्हा नुकतीच पहिलीच्या आधीच्या बिगरीत जायला लागली होती.

गावचे नानासाहेब मोठ्या खटपटीचे. त्यांनी पुण्याला हेलपाटे घातले, साहेबांच्या गाठी घेतल्या, आणि एक दिवस सरकारी माणसांनी येऊन रस्त्याच्या कडेला लोखंडी खांब पुरला. त्यावर पाटी. वर लाल तिकोन, खाली दप्तर घेऊन पळणारं काळं पोर. नानासाहेबांनी खांबापुढं नारळ फोडला, पोरांना गूळखोबरं वाटलं आणि म्हणाले, "आता काळजी मिटली. कायदाच आहे तो. पाटी दिसली की गाडी सावकाश न्यायची."

बायांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सुगीचे दिवस तोंडावर आलेले, कुणाला सवड होती? पाळ्या आपोआप बंद झाल्या.

कुशाबाईला मात्र सुटल्यासारखं वाटेना. खुरपं चालवताना तिचे कान रस्त्यावर. लांबून घरघर आली की हात थांबायचा, ती मान वर करून बघायची, आणि ट्रक पाटीजवळून धुरळा उडवत तसाच भरधाव निघून जायचा. मग पुन्हा खुरपं, पुन्हा घरघर. वाफ्यातलं तण काढता काढता मेथीची रोपंही उपटून यायला लागली.

नवरा गेनू कारखान्याच्या बांधकामावर जायचा. संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढला.

"अवं, पाटी बघून गाड्या हळू व्हत न्हाईत. मी रोज बघतीया."

"सरकारनं इचार करूनच लावली असंल की."

"सरकार हितं बघाया कुटं येतंय?"

"तुला जरा जास्तच घोर लागलाय," गेनू म्हणाला. "भाकरी वाढ."

तिनं भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशी तिनं कौशल्याबाईला पुन्हा पाळ्या लावायचं सुचवलं. कौशल्याबाई थकलेल्या आवाजात म्हणाली, "माझ्या पोराचं जे व्हायचं ते झालं, कुशे. आता पाटी हाय. तिच्यावर भार टाकू दे की थोडा." कुशाबाई जमेल तसं एकटीच रस्त्यावर जाऊ लागली. जमेल तसं म्हणजे मोट सुरू नसेल तेव्हा, बाजारचा दिवस नसेल तेव्हा.

अशाच एका बाजाराच्या दिवशी ती मेथीच्या जुड्या बांधत विहिरीजवळ बसली होती. शाळा सुटल्याची घंटा झाली आणि पाठोपाठ पुण्याकडं निघालेल्या ट्रकचा आवाज आला. ती उठली, धावली, पण बांधापर्यंतच पोचली. शकू पलीकडून निघाली होती. नेमकी पाटीसमोरून, दप्तर छातीशी धरून, नाकासमोर बघत पळत सुटलेली. ब्रेकचा कर्कश आवाज झाला. ट्रक वाकडा होऊन रस्ता सोडून खाली उतरला आणि वांग्यांच्या वाफ्यात रुतला.

धुरळा खाली बसला तेव्हा शकू रस्त्याच्या अलीकडं उभी होती. धडधाकट. कुशाबाईनं तिला आधी पोटाशी धरलं, मग पाठीत एक धपाटा घातला, आणि मग पुन्हा पोटाशी धरलं.

ड्रायव्हर खाली उतरला होता. साताऱ्याकडचा, ज्योतीराम नावाचा, चाळिशीतला माणूस. तो चाकाला टेकून खाली बसला. कुशाबाईनं विहिरीवरून तांब्या भरून आणला आणि त्याच्यापुढं ठेवला.

"पाटी दिसली न्हाई व्हय तुमाला?" तिनं विचारलं.

तो पाणी प्यायला. "दिसली की. खोटं कशाला बोलू, ताई. रोज दिसती. पहिल्या दिवशी गाडी हळू केली, दुसऱ्या दिवशी केली. पोरगं काय दिसलं न्हाई. मग डोळ्याला सवय होती. आज पोरगी दिसली म्हणून ब्रेक मारला. पाटीसाठी न्हाई मारला."

मग त्यानं शकूकडं बघून मऊ आवाजात विचारलं, "बाळ, तू इकडं तिकडं न बघता का गं पळालीस?"

शकूनं पाटीकडं बोट दाखवलं. "त्यो पोरगा पळतोय की. हितनं पळायचं असतंय. शाळंतला बिरू म्हणला, पाटीपाशी गाडी अंगावर येत न्हाई."

आत्तापर्यंत कुशाबाईला वाटायचं, पाटी कुचकामी आहे, एवढंच. पोरं ती वाचत होती आणि आपल्या परीनं तिच्यावर भरवसा ठेवत होती, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

वस्तीवरच्या माणसांनी ट्रक ढकलून रस्त्यावर काढला. सकाळी कुशाबाई मास्तरांकडं गेली. यशवंतराव मास्तर सज्जन माणूस. त्यांनी सगळं ऐकून पोरांना पाटीचा अर्थ समजावून सांगायचं कबूल केलं. "पण पोरंच ती, कुशाबाई," ते म्हणाले. "सांगितलेलं किती दिवस टिकेल, कसं सांगू?"

परत येताना ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. खाली ओढ्याची मोरी होती, दगडी बांधणीची, रस्त्याच्या पोटातून आरपार गेलेली. गाळानं आणि बाभळीच्या काट्यांनी तिचं तोंड बुजलं होतं. कुशाबाईनं खाली उतरून बघितलं, पोरं आतून पलीकडं जातील एवढी ती उंच होती. मग घरी जाऊन तिनं कुदळ आणि टोपली आणली आणि काटे ओढायला सुरुवात केली.

दुपारी कौशल्याबाई आली. काही न बोलता तिनं पदर खोचला आणि गाळाच्या टोपल्या उचलायला लागली. मग आणखी दोघीतिघी आल्या. सुट्टीच्या दिवशी गेनूनं आत उतरून दगड फोडले, उरलेले ओळीनं मांडून पायवाट केली. पोरं वाकून जातील एवढी वाट मोकळी झाली. नानासाहेब बघायला आले, म्हणाले, "मी पलीकडच्या बाजूलाही एक पाटी मागवतो."

"पाटी ऱ्हाऊ द्या," कुशाबाई म्हणाली. "हितं दोन पायऱ्या बांधून द्या."

"बघतो," नानासाहेब म्हणाले.

पोरं मोरीतून जाऊ लागली. पलीकडं निघालं की 'कू' करून ओरडायचं, असं कुशाबाईनं त्यांना शिकवलं होतं. ती आवाज ऐकायची आणि मगच खुरपं उचलायची.

पाऊस लागल्यावर एका सकाळी ओढ्याला घोट्याएवढं पाणी आलं. पोरं आत शिरली. तेवढ्यात वरून लष्करी गाड्यांचा ताफा जायला लागला, एकामागून एक, आणि 'कू' काही ऐकू आली नाही. कुशाबाईनं हाक मारली. उत्तर नाही. ती वाकून आत घुसली. डोक्यावरचे दगड चाकांनी हादरत होते, त्यांच्या फटींतून पाणी मानेवर गळत होतं. आंधळ्यासारखी भिंत चाचपत ती पलीकडं बाहेर पडली.

पोरं काठावर कोंडाळं करून बसली होती. बिरूनं दगड उचलला होता आणि सगळी मिळून खेकडा बघत होती.

"आमी ओरडलो की, आये," शकू म्हणाली.

कुशाबाईनं त्यांना शाळेच्या फाटकापर्यंत पोचवलं. परत मोरीपाशी आली तेव्हा पाणी तिला मघापेक्षा चढल्यासारखं वाटलं. ती मळ्यात गेली नाही. ओल्या लुगड्यानिशी तिथंच दगडावर बसून राहिली, शाळा सुटायची वाट बघत.