तिसऱ्या खांबाजवळची बाई

भूतबित माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. नागपूरला कॉलेजात असताना हॉस्टेलच्या एका खोलीबद्दल मुली कुजबुजायच्या... मी तीच खोली मागून घेतली होती, तिथला पंखा चांगला होता म्हणून. त्यामुळे आज हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण लिहिणार.

मी टोरोंटोत एटोबिकोला राहते आणि वॉनमधल्या एका छोट्या कंपनीत थ्रीडी स्कॅनिंगचं काम करते. म्हणजे असं — इमारतीत लेझर स्कॅनर ठेवतात, तो गोल फिरून भिंती, खांब, जमीन सगळं लाखो ठिपक्यांत टिपतो. मग त्याची जागा बदलायची, पुन्हा तेच. हे सगळे स्कॅन जुळवून कॉम्प्युटरवर अख्खी इमारत उभी करायची, ही माझी नोकरी. मध्ये माणसं आली तर तीही ठिपक्यांत उमटतात. ती पुसायची.

आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर मियोको-सान राहतात. वय चौऱ्याऐंशी, एकट्या. लिफ्टमध्ये ओळख झाली, पुढे मी त्यांची ग्रोसरी आणायला लागले. त्यांचं माहेर जपानमधलं एक लहानसं बेट. ख्रिस्ती धर्मावर बंदी होती तेव्हा तिथल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या लपून प्रार्थना केली, आणि बंदी उठल्यावर किनाऱ्यावरून लाकडं वाहून स्वतःच्या हातांनी छोटं कॅथलिक चर्च बांधलं. आपल्या देवळासारखं — चपला बाहेर, आत चटईवर बसायचं.

त्या चर्चचं दार रोज सकाळी मियोको-सानची आई उघडायची. फादर महिन्यातून एकदा बोटीने यायचे, पण ही रोज. दार उघडून तिसऱ्या खांबाजवळ प्रार्थनेला बसायची. मियोको-सान बाविसाव्या वर्षी लग्न होऊन कॅनडात आल्या आणि त्याच हिवाळ्यात आई गेली. पत्र पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. नंतर संसाराच्या रगाड्यात जाणं राहून गेलं, आणि आता डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. त्यात बातमी आली की गावात पाचच घरं उरलीत, चर्च बंद करून पाडणार.

तिकडेच सर्व्हेचं काम करणाऱ्या केन्जी नावाच्या त्यांच्या भाच्याने ते पाडायच्या आधी स्कॅन करून डेटा मला पाठवला. मियोको-सान एवढंच म्हणाल्या, "मला एकदा आईच्या जागेशेजारी बसायचंय." मी शब्द दिला.

एकूण बारा स्कॅन होते. जुळवताना तिसऱ्या खांबाजवळ एक आकार दिसला. वज्रासनात बसलेली बाई... डोक्यावर कापड, मान खाली, उजवा खांदा जरा उतरलेला. मला वाटलं, गावातली कुणी आजी असेल. माझा बॉस गुरप्रीत मागून बघून म्हणाला, "अरे, क्लीन कर दे ना. उनको चर्च चाहिए, पब्लिक नहीं." मी पुसली. माणसाखालची जमीन लेझरला दिसत नाही, त्यामुळे तिथे भोक पडलं. शेजारच्या चटईचा तुकडा कॉपी करून तेही बुजवलं. आम्ही हे रोज करतो.

शनिवारी दुपारी लॅपटॉप मियोको-सानच्या टीव्हीला जोडला. त्यांनी पायातल्या सपाता काढून बाजूला ठेवल्या. त्या बोट दाखवत होत्या, मी माउस हलवत होते. तिसऱ्या खांबाशी त्यांचं बोट थांबलं.

"इथे तू काय केलंस?"

मी म्हटलं, काही नाही.

"आईच्या गुडघ्यांनी इथे खाली फळ्या दबल्या होत्या. चटई बदलली तरी खळगे दिसायचे. मग ही सपाट कशी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणीतरी बसलं होतं, मी पुसलं, असं सरळ सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. कोण बसलं होतं, एवढंच विचारलं.

मी केन्जीला मेसेज केला. रात्री उत्तर आलं — कुणीच नाही. तो एकटाच होता, दार आतून लावलेलं, साडेतीन तास. स्कॅनर प्रत्येक जागेवरून फोटोही काढतो. रविवारी ऑफिसात जाऊन मी बाराही फोटो बघितले. खांब आहे, चटई आहे... बाई नाही.

दिवसभर डोकं आपटलं. प्रतिबिंब म्हणावं तर जवळ काच नाही. जुळणी चुकली म्हणावं तर खांबही दोन दिसले असते. मूळ डेटात ती बाराही स्कॅनमध्ये, बारा बाजूंनी, त्याच जागी होती. समोरून गुडघे, मागून पाठ आणि तळवे. जिवंत माणूस साडेतीन तास इतका निश्चल बसतो? मी ऑफिसच्या कार्पेटवर बसून पाहिलं, वीस मिनिटांत पायांना मुंग्या आल्या.

घाबरले, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त स्वतःचा राग आला. जी जागा दाखवायचा शब्द दिला, नेमकी तीच मी पुसून बसले होते! पुन्हा पहिल्यापासून बाराही स्कॅन जुळवले. चार संध्याकाळी गेल्या. या वेळी एकही ठिपका पुसला नाही.

मियोको-सानना आधी सगळं सांगितलं, फोटोंचंही. मग त्या बाईच्या शेजारी, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर दृश्य आणून थांबवलं. चेहरा नव्हता, ठिपक्यांत तेवढं दिसत नाही. त्यांनी उठून टीव्हीवरच्या त्या उतरलेल्या खांद्यावर बोट ठेवलं. आई पाण्याच्या बादल्या याच खांद्यावर वाहायची, म्हणाल्या. मग माझा हात धरून हळूहळू जमिनीवर गुडघे मोडून बसल्या आणि जपानीत प्रार्थना म्हणू लागल्या. मला रडू आवरेना.

पुढच्या महिन्यात चर्चमधली शेवटची प्रार्थना झाली. मी केन्जीच्या मागेच लागले होते — सगळे गेले की दार लावून पुन्हा स्कॅन कर, तोच स्कॅनर, त्याच बारा जागा. त्याने केलं. या वेळी तिसऱ्या खांबाजवळ कुणी नव्हतं. भोक नव्हतं. सलग चटई, आणि तिच्यात दोन उथळ खळगे.

मियोको-सानना सांगितलं तेव्हा त्या चहा ओतत होत्या. म्हणाल्या, "आता सकाळी उठून कुणासाठी दार उघडायचं? गेली असेल."

चर्च आता पाडलंय. तिथल्या एका छोट्या संग्रहालयाने फाइल मागितली. गुरप्रीत म्हणाला, दुसरा स्कॅन दे, स्वच्छ आहे, पहिल्यावर सही केलीस तर उद्या दुसरीकडे नोकरी मागताना लोक विचारतील. विचारू देत. मी पहिला स्कॅन दिला. रिपोर्टमध्ये लिहिलं — तिसऱ्या खांबाजवळ एक बाई बसलेली आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलं, माहीत नाही. आणि खाली पूर्ण नावाने सही केली.